डिक्कीतला दिवा

वैशाखातली दुपार. दारव्ह्याला लग्नाला जायचं म्हणून बहीण शालू सावरत मागं बसलेली, भाचा पुढं, आणि मी किल्ली फिरवली तर गाडीनं नुसतं खट्ट केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा खट्ट. तिसऱ्यांदा तेही नाही.

"मामा, गाडी मेली का?"

महिन्याभरातली ही चौथी वेळ. पारावरच्या चौघांना हाक मारली. त्यांना आता सांगावंही लागत नाही, टोप्या सावरत आपणहून मागं जाऊन उभे राहतात. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीनं वेग धरला की पाय झटकन उचलायचा. लग्नात मी अक्षता टाकल्या, पण अर्धं लक्ष उतारावर लावलेल्या गाडीकडंच होतं.

बॅटरी तर होळीला नवी घेतलेली. तेव्हा पहिला संशय दुकानदारावर. दुसऱ्यांदा उतरली तेव्हाच मी बॅटरी उचलून त्याच्याकडं गेलो होतो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो होतो, "जुना माल खपवला तुम्ही." त्यानं रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या आम्लाचा दाटपणा, मोजून दाखवली. "बॅटरीले काई नाई झालं जी. गाडी पाहा तुमची." मला ते खरं वाटलं नाही. दुकानदार असंच म्हणणार.

दुसरा संशय उन्हावर. पंचेचाळीस अंशात बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटी लवकर गंजतात. गंमत म्हणजे लहानपणी याच उन्हाकडं आम्ही बॅटरी जगवण्यासाठी जायचो. आमच्याकडं टॉर्चलाच बॅटरी म्हणत. बाबांची तीन सेलची, रात्री गव्हाला पाणी द्यायला जाताना खांद्याला अडकवलेली. उजेड पिवळा पडला की सेल निघत आणि टिनावर वाळत पडत, आजीच्या कुरडयांच्या शेजारी. कुरडया उलटायला मी वर चढायचो तेव्हा सेलही उलटायचो. एका अंगानं तापले तर काय उपयोग, असं माझं तेव्हाचं शास्त्र. संध्याकाळी ते हाताला चटके देत आणि दोन रात्री खरंच चालत. मग बढती उलटी: बॅटरीतून रेडिओत, रेडिओतून भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळही मागं पडायला लागलं की मग ते सेल आमचे. फोडून आतली काळी कांडी काढायची आणि वाड्याच्या भिंतीवर नावं लिहायची. भिंत पडली तेव्हा माझं नाव त्यावर होतंच.

असो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गाड्यांची वायरिंग करणारा पोरगा आला. त्यानं दहाच्या पान्यानं निगेटिव्हची तार काढली आणि तार व टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडला. लाल पिन दहा अँपियरच्या भोकात.

"आता दार उघडू नका जी. अन् सेल्फ तर मारूच नका, मीटरचा फ्यूज जाईन."

मी हात मागं बांधून उभा राहिलो. मीटरवर आकडा: 0.43 अँपियर, म्हणजे चारशे तीस मिलीअँपियर.

"पन्नास मिलीअँपियरलोक चालते. घड्याळ हाय, टेपची मेमरी हाय. हे त लय हाय. कोनीतरी करंट पिऊन रायलं."

त्याला टेपचा संशय, कारण टेप मी मागाहून बसवलेला. त्यानं काच खाली असलेल्या खिडकीतून हात घालून टेपचा फ्यूज उपटला. 0.42. टेप निर्दोष. मग एकेक करत हॉर्न, पंखा, वायपर. आकडा ढिम्म. चिमट्यात शेवटून दुसरा फ्यूज आला आणि आकडा धपकन 0.02 वर उतरला. दिव्यांचा फ्यूज. तो परत बसवला तर पुन्हा 0.43. पण आतला दिवा तर बंद, डोळ्यांना दिसत होतं.

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग भाच्याकडं पाहून म्हणाला, "याले आत घाला."

भाचा खिडकीतूनच आत गेला. मागची सीट पुढं पाडून डिक्कीवरच्या फळीखाली त्यानं डोकं घातलं. फक्त त्याचे तळवे दिसत होते, मेंदीचा लाल ठिपका लागलेले.

"मामा! इथं दिवा लागून हाय!"

पाच वॅटचा दिवा. तुरीची पोती कोंबताना डिक्कीच्या बटनावरचं रबर कधीतरी फाटलं होतं, त्यामुळं झाकण लावलं तरी बटन पुरतं दबत नव्हतं. माझी बॅटरी पस्तीस अँपियर-तासांची, म्हणजे एक अँपियर खेचला तर पस्तीस तास पुरणारी. साडेतीन दिवसांत तो दिवा तिला कोरडी करणार, आणि सेल्फ त्याच्या आधीच मान टाकणार. मी गाडी काढतो मंगळवारच्या मंगळवारी, बाजाराला.

रात्री दोनदा उठून मोरीचा नळ बंद आहे का पाहणारा माणूस मी. परसातला दिवा कुणी सुरू ठेवला की घरभर बोलतो. आणि माझ्याच डिक्कीत महिनाभर, झाकणाआड, दिवसरात्र.

पोरानं दिवाच काढून माझ्या हातात ठेवला. अजून गरम होता. पैसे किती म्हटलं तर म्हणे, "फ्यूजच त काढले, कायचे पैसे." शंभर दिले, नको नको करत घेतले.

रबर अजून बसवलेलं नाही. अंधारात डिक्की उघडायची तर मोबाइल दातात धरावा लागतो. गाडी मात्र आठव्या दिवशीही एका किल्लीत उठते आणि पारावरचे चौघे जरा हिरमुसलेत.

बॅटरीचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच आहे. तीन मंगळवार झाले, तिथून जाताना मला नेमकं समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडं काहीतरी पाहायचं असतं.