वाईनचा चोथा, येवल्याचं रेशीम आणि माझा पहिला पेपर : माझा अनुभव

तुमचा विषय दोन डिपार्टमेंटच्या मधे कुठेतरी पडत असेल तर रिसर्च पेपर छापून येईपर्यंत काय काय होतं ते मी आता नीट अनुभवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी नाशिकला कॉलेजमधे केमिस्ट्री शिकवते, पीएचडी चालू आहे. विषय असा, की वाईनरीमधे लाल द्राक्षं पिळून झाल्यावर जो साली-बियांचा चोथा उरतो त्यातून रंग काढायचा आणि तो रेशमावर बसतो का ते बघायचं, आणि रेशीम म्हणजे पैठणीचं, कारण येवला आमच्याच जिल्ह्यात. दिंडोरी-गंगापूर पट्ट्यात जानेवारी ते मार्च हंगामात चोथ्याचे ढीग पडतात, त्यातला बराचसा खतात जातो.

आधी कामाबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काळ्या द्राक्षाच्या सालीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात, वाईनच्या द्राक्षात मुख्यतः माल्विडिनची. या रंगाची गंमत म्हणजे तो पीएच बघून बदलतो, आंबट पाण्यात लाल, साधारण न्यूट्रलला जांभळा-निळसर, सोड्यात हिरवट होऊन शेवटी पिवळा पडतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून लिंबूसत्व घातलेल्या पाण्यात काम केलं, पाणी उकळू दिलं नाही कारण जास्त उष्णतेने हा रंग तुटतो. चोथा ताजा असतानाच गोठवायला लागतो, उन्हाळ्यात बाहेर राहिला तर दुसऱ्या दिवशी आंबून बुरशी धरतो. रेशमाचा नैसर्गिक डिंक म्हणजे सेरिसिन साबण-सोड्याच्या पाण्यात काढायचा, मग रंग धरावा म्हणून तुरटी किंवा हिरडा किंवा हिराकस (लोखंडाचा क्षार) लावून रंगवायचं. तुरटीने मळकट मोरपंखी-जांभळा येतो, हिराकसने गडद राखाडी, जवळजवळ काळा.

आता पेपर लिहून झाला आणि खरं प्रकरण सुरू झालं. पाठवायचा कुठे? केमिस्ट्रीच्या एका जर्नलने एडिटरच्या टेबलावरूनच परत केला, रिव्ह्यूला गेलाच नाही, कारण काय तर विषय हस्तकलेचा आहे, आमच्या स्कोपमधे बसत नाही. मग हस्तकला आणि डिझाईनवाल्या एका जर्नलला पाठवला, त्यांनी कळवलं की यात स्पेक्ट्रोफोटोमीटरचे (रंग मोजायच्या यंत्राचे) आलेख जास्त आहेत, आमच्या वाचकांना समजणार नाही. दोघांचंही म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. पण मधल्या माणसाने जायचं कुठे हा प्रश्न राहतोच, आणि आपल्याकडे हल्ली जे जे चांगलं काम होतंय ते अशाच मधल्या जागेत होतंय, लेण्यांच्या दगडावर काम करणारे जिऑलॉजीवाले असोत की जुन्या पोथ्यांच्या शाईवर काम करणारे.

नेमकं याच वेळी इनबॉक्समधे त्या मेल यायला लागतात. “आदरणीय संशोधक, विज्ञान, तंत्रज्ञान, कला, वाणिज्य, सर्व विषयांचे पेपर स्वीकारतो, आठवड्यात पब्लिश, सर्टिफिकेट मोफत.” सर्व विषय म्हटल्यावर माझ्यासारख्याला तो रस्ताच वाटतो. डिपार्टमेंटमधल्या एका सहकाऱ्याने मनापासून सांगितलं, “अगं टाकून दे, कोण बघतंय, एपीआय तर मिळेल.” (एपीआय म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी मोजले जाणारे गुण.) मी नाही टाकला. बहुविषयक जर्नल असणं ही चांगलीच गोष्ट आहे, जगातली काही फार मोठी जर्नल्स बहुविषयकच आहेत, पण रसायनाचा पेपर रसायनवाल्याकडे आणि कलेचा कलावाल्याकडे तपासायला जात नसेल तर त्या नावाला अर्थ नाही. कोलोरॅडोचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा पैसेखाऊ जर्नल्सची यादी ठेवली होती, ती जानेवारी २०१७ मधे बंद झाली. आपल्याकडे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ ला केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, आणली, तीही फेब्रुवारी २०२५ मधे बंद केल्याचं जाहीर झालं. म्हणजे आता यादीत नाव आहे का एवढं बघून भागत नाही, स्वतः तपासायला लागतं.

मी कसं तपासलं ते सांगते. आयएसएसएन, म्हणजे प्रत्येक जर्नलचा ओळख क्रमांक, जर्नलच्या साईटवर न बघता आयएसएसएनच्या मूळ पोर्टलवर टाकून बघितला, कारण नामांकित जर्नलच्या नावाची हुबेहूब नकली साईट बनवायचे प्रकार होतात. ‘आम्ही कोपचे (प्रकाशनातली नीतिमत्ता बघणाऱ्या संस्थेचे) मेंबर’ असं लिहिलेलं असेल तर कोपच्या यादीत जाऊन शोधायचं. ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं जर्नल असेल तर डीओएजे या अशा जर्नल्सच्या सूचीत आहे का बघायचं. एडिटोरियल बोर्डवरची दोन-तीन माणसं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर खरंच हा उल्लेख करतात का तेही बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या अंकातले चार पेपर उघडून स्वतः वाचायचे, पंधरा मिनिटांत अंदाज येतो. पैशाचं कळलं की मन शांत होतं, काही चांगली जर्नल्सही फी घेतात पण ती आधी लिहिलेली असते आणि बहुतेक ठिकाणी ॲक्सेप्ट झाल्यावर मागतात.

घाई कशाला एवढी असंही मला माझ्या गाईड सरांनी समजावलं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी थिसिस जमा करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढलीय (विद्यापीठाचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी विचारून घ्या), त्यामुळे निदान मला तरी गळ्याशी आलेलं नव्हतं. शेवटी नैसर्गिक रंग, जुनी वस्त्रं आणि त्यांचं जतन अशा तिन्हीवर छापणारं एक जर्नल सापडलं, डबल ब्लाइंड रिव्ह्यू असलेलं, म्हणजे त्यांना आपलं नाव माहीत नाही आणि आपल्याला त्यांचं.

सबमिट करण्याआधी सिमिलॅरिटी चेक, म्हणजे मजकूर आधी छापलेल्या लिखाणाशी किती जुळतो ते बघणं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं सामान्य वाक्य धरत नाहीत. माझं साम्य सगळं पद्धतीच्या भागात होतं, कारण ‘अमुक आयएसओ मानकाप्रमाणे चाचणी केली’ हे वाक्य जगातला प्रत्येक माणूस तसंच लिहिणार, ते उगाच फिरवून लिहू नका, चाचणीचं नाव चुकीचं होऊन बसतं.

मग बरीच शांतता. आणि एक दिवस ‘मेजर रिव्हिजन’, म्हणजे मोठे बदल करून परत पाठवा.

तीन रिव्ह्यूअर होते. पहिला केमिस्ट्रीचा, त्याचं बोलणं सरळ, प्रत्येक नमुना वेगळा रंगवून तीनदा रीडिंग द्या, एकाच तुकड्यावर तीन ठिकाणी मोजलेलं तीनदा धरू नका. एल ए बी व्हॅल्यू (रंग आकड्यांत सांगायची पद्धत) कुठल्या प्रकाशात घेतल्या ते लिहा. उन्हात टिकण्याची चाचणी ब्लू वूल स्केलवर द्या, १ म्हणजे लगेच उडतो, ८ म्हणजे फार टिकतो. ते नमुने बाहेरच्या लॅबला पाठवले, निकाल आला तुरटीवाल्याचा २-३. अँथोसायनिन उन्हात उडतं हे माहीतच आहे, तरी आकडा बघून वाईट वाटलं. सर म्हणाले, आहे तसं टेबलमधे टाक, वगळायचा विचारही करू नकोस. टाकलं, आणि चर्चेत स्पष्ट लिहिलं की हा रंग रोज उन्हात फिरायच्या कपड्यासाठी नाही. रिव्ह्यूअरने पुढच्या फेरीत नेमका तोच भाग चांगला म्हणून नोंदवला.

दुसरा रिव्ह्यूअर वस्त्रकलेतला असणार. त्याचं म्हणणं, तुम्ही पैठणी म्हणताय, पण मागावर हे सूत विणून बघितलं का? आणि द्राक्षाचा रंग पैठणीत पारंपरिक होता असा वाचकाचा समज होऊ देऊ नका, नाशिकची वाईन अलीकडची आहे. दुसरा मुद्दा आमच्या शेवटच्या परिच्छेदात होता, तो उचलून पहिल्या पानावर नेला. पण पहिला मुद्दा महत्त्वाचा होता, आमच्याकडे नुसत्या रंगवलेल्या लडी होत्या.

म्हणून सूत घेऊन येवल्याला, निफाड-विंचूरमार्गे बसने. ज्या विणकर काकांकडून आम्ही आधी सूत घेतलं होतं त्यांनाच विचारलं. त्यांनी लड हातात घेतली, दोन बोटांत धरून कानाजवळ ओढली, आवाज ऐकला, मग राखाडी लडीतली एक तार काढून दातात धरून तोडली. “हे बघा मॅडम, जांभळं ठीकाय. हे काळं कांडीवर येईल, पण पदराला नाही चालायचं. पदर विणताना तार सारखी फिरवायला लागते, हे मधेच तुटंल.” मी म्हटलं काका, हिराकस घातलंय यात. “तेच म्हणतो मी. आमचे आजोबा सांगायचे, हिराकसाचं काळं दिसायला भारी पण कपडा लवकर जातो.” आणि झालंही तसंच, तुरटीवालं सूत काठाच्या वीतभर तुकड्यात नीट विणलं गेलं, राखाडीच्या तारा पुन्हा पुन्हा तुटल्या, काकांनी प्रत्येक ठिकाणी गाठ मारून तो तुकडा पुरा केला आणि सांगितलं की हा असाच द्या त्यांना, गाठींसकट.

आता याला रसायनात कारण आहे. लोखंडाचे आयन ऑक्सिडेशनला चालना देतात, रेशमाचं प्रोटीन हळूहळू तुटत जातं, जगभरच्या म्युझियममधे जुन्या वस्त्रातला लोह-टॅनिनचा (लोखंड आणि हिरड्यासारख्या तुरट द्रव्याचा) काळा भाग आधी झिजलेला दिसतो तो यामुळेच. ताण सहन करण्याची चाचणी केली तर राखाडी सूत खरंच कमी भरलं. पण हा प्रश्न विचारायचा हे आम्हाला काकांकडून समजलं, मशीनकडून नाही. आमच्या मूळ आराखड्यात ती चाचणीच नव्हती.

मग प्रश्न आला नावाचा. साधारण अशा वेळी शेवटी ‘येवल्यातील विणकरांचे आभार’ असं लिहून मोकळे होतात. मला ते पटेना. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या समितीचे लेखकपणाचे चार निकष आहेत, कामात ठोस सहभाग, लिखाणात किंवा ते तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही पाळायचे तर काकांना पेपर कळला पाहिजे. म्हणून सगळा मसुदा त्यांच्या ओट्यावर बसून मराठीत वाचून दाखवला, आलेख बोटाने समजावले. विणकामाच्या भागात त्यांनी दोन ठिकाणी थांबवलं, एका ठिकाणी आम्ही ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) यांच्या सुताची जाडी एकच धरल्यासारखं वाक्य झालं होतं, ते त्यांनी बदलायला लावलं. लाईट फास्टनेसचा (उन्हात टिकण्याचा) आकडा ऐकून म्हणाले, “लपवू नका, गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं.” त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर ईमेल काढला, त्यावर ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ओळख) १६ आकडी नंबर घेतला, संस्थेच्या जागी ‘स्वतंत्र विणकर, येवला, जिल्हा नाशिक’ असं लिहिलं. सबमिशन सिस्टीम संस्थेचं नाव यादीतून निवडायला सांगत होती, त्यात विणकर कुठून असणार, एडिटोरियल ऑफिसला मेल केला तर त्यांनी एका दिवसात हाताने भरून दिलं. लेखक वाढवायचा म्हणून सगळ्यांच्या सह्यांचं पत्र आणि कारण द्यावं लागलं, ते दिलं.

तिसऱ्या रिव्ह्यूअरने फक्त भाषा आणि दोन संदर्भ सांगितले होते, ते पटकन झालं.

उत्तरं कशी लिहायची यावर थोडं. प्रत्येक मुद्दा त्यांच्याच शब्दांत आधी टाकायचा, खाली आपलं उत्तर, खाली बदललेलं वाक्य आणि ओळ क्रमांक. पटलं नाही तर तसं सांगायचं पण आकड्यासकट. पहिल्या रिव्ह्यूअरने मिथेनॉलने रंग काढून तुलना मागितली होती, मी लिहिलं की विणकराच्या घरी वापरता येईल अशी पद्धत हाच अभ्यासाचा हेतू आहे आणि मिथेनॉल विषारी आहे, म्हणून पाण्यातलीच पद्धत ठेवतोय. त्याने मान्य केलं. रागात लिहिलेलं उत्तर त्याच दिवशी पाठवू नका, मी रात्री लिहायचे आणि सकाळी कॉलेजला जायच्या आधी परत वाचायचे.

ॲक्सेप्ट झाल्यावर प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची तपासायची प्रत, आलं, तिथे झोप लागेल इतका कंटाळा येतो पण बघायचंच, आमच्या टेबलमधे तुरटी आणि हिराकसचे कॉलम टाईपसेटिंगमधे आदलाबदल झाले होते. तसंच छापलं असतं तर कमजोर सूत तुरटीचं ठरलं असतं. आता पेपरला डीओआय (कायमचा ऑनलाईन क्रमांक) आहे, लिंक उघडते, काकांचं नाव दुसऱ्या नंबरवर आहे.

सध्या आम्ही दोघं मिळून पुढचं काम लावलंय, लोखंड न वापरता गडद रंग आणता येतो का ते, हिरडा आणि चोथा एकत्र वापरून वगैरे. काकांची अट एकच आहे, नमुना लॅबमधे मोजायच्या आधी मागावर चढवायचा.