वाइनवाले मित्र आणि मोहाचा हंगाम: गोंदियाच्या जंगलकाठची एक सकाळ

नाशिकच्या वायनऱ्या पालथ्या घातलेल्या माणसाला पूर्व विदर्भात काय दाखवायचं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे. मार्चच्या शेवटी या, पहाटे चारला उठायची तयारी ठेवा आणि बाटलीचा विषय काढू नका.

माझे हे मित्र नाशिक-पुण्याकडचे, वाइनचे खरे शौकीन. गंगापूर धरणाकाठच्या वायनरीत 2005 साली टेस्टिंग रूम सुरू झाली, तेव्हापासून त्यांची वारी चुकलेली नाही. जानेवारी ते मार्च हा तिकडचा द्राक्षतोडणीचा हंगाम. आधी वेलींच्या रांगा, मग स्टीलच्या टाक्या, मग ओकची पिंपं, आणि शेवटी चेनिन ब्लांपासून शिराझपर्यंत ओळीनं मांडलेले पेले. पेला कसा फिरवायचा, नाक कधी घालायचं, घोट तोंडात किती वेळ घोळवायचा, हे सगळं त्यांना पाठ. "तुमच्याकडं काय आहे?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी मोहाचं नाव घेतलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. ते दारूच समजले होते; मी म्हणत होतो ते मोहाच्या झाडाचं फूल.

येताना नाशिकच्या दोन-चार बाटल्या आणायचा त्यांचा बेत मी फोनवरच मोडला. हे नीट वाचा, कारण समृद्धीनं येणाऱ्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं. नागपूरच्या अलीकडे समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो आणि वर्ध्यात दारूबंदी आहे. वाइनही त्यात आलीच. दुसऱ्या बाजूला गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून बंदी आहे. गोंदिया-बल्लारशा रेल्वेनं अर्जुनीच्या पुढे आलात की वडसा लागतं आणि वडसा गडचिरोलीत येतं. गोंदिया, भंडाऱ्यात बंदी नाही. पण तिथं पोचण्याच्या वाटा अशा आहेत, म्हणून डिकी रिकामी ठेवा.

नागपूरहून भंडारा, साकोली करत कोहमाऱ्याला या. सकाळी लवकर निघालात तर अडीच-तीन तासांत होतं. कोहमाऱ्याहून डावीकडे गोंदियाचा रस्ता फुटतो, उजवीकडे नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगावचा. आम्ही उजवीकडे वळलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वीस घरांच्या टोलीवर चार गाड्या एकदम येऊन थांबल्या तर तिथल्यांची सकाळच बुडते. या रस्त्याच्या आजूबाजूच्या कुठल्याही गावात मोह भेटेल. मात्र नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचं गाव निवडा. आधी कोणाच्या तरी ओळखीनं फोन करा, ग्रामसभेच्या किंवा बचत गटाच्या कानावर घाला. अचानक जाऊन मोबाइल रोखणारा पाहुणा तिथं कोणाला आवडत नाही. कोणाला आवडेल?

मोहाचा हंगाम साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. वर्षागणिक आठवडाभर पुढेमागे होतो. आभाळ आलं, अवकाळीचा सडाका बसला तर फूल सडतं, वेचणाऱ्यांचं नुकसान होतं आणि तुमची फेरी वाया जाते. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी गावात विचारूनच निघा. या दिवसांत झाडावर पानं जवळपास नसतात. असली तर तांबूस कोवळी पालवी. फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लोंबत असतात. फूल उमलतं रात्री आणि त्याचा मांसल, फिकट पिवळा पाकळ्यांचा भाग पहाटेपासून गळायला लागतो. ऊन चढलं की गळती थांबते. म्हणून नऊला नाश्ता करून जंगल बघायला निघणाऱ्यांच्या वाट्याला फक्त रिकामी जमीन येते.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजींनी रात्रीच बजावलं होतं, "पायटे उठावं लागंल जी. अन् अत्तर-बित्तर लावू नका." अत्तराचं कारण मित्रांना वाटलं तसं अस्वल नव्हतं. मोहाचा वास नाकात शिरायला नाक मोकळं हवं, एवढंच. टेस्टिंग रूममध्येही हीच सूचना असते, हे ऐकून आजींना गंमत वाटली.

अस्वलाचं मात्र खरंच मनावर घ्या. मोहाच्या फुलांवर अस्वल तुटून पडतं आणि येतंही माणसांच्याच वेळेला. पूर्व विदर्भात मोह वेचताना अस्वलाच्या, वाघाच्या हल्ल्यात माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. गावातल्या बाया घोळक्यानं जातात, मोठ्यानं बोलत जातात. पाहुण्यांनी त्यांच्या मधोमध चालावं. फोटोसाठी कडेला जाऊन वाकून बसणं तर अजिबात नको. अंधारात वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, असं आजींचे जावई सांगत होते. पायात बूट, हातात बॅटरी. विडी-सिगारेट घरी ठेवून या, कारण हे वणव्याचे दिवस आहेत. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची जुनी रीत आहे, फुलं वेचायला सोपं पडतं म्हणून, आणि तीच आग पुढं जंगलात शिरते. आता बरीच गावं झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरतात. आम्ही गेलो तिथं साड्याच होत्या, जांभळ्या-हिरव्या. बॅटरीच्या उजेडात त्यांच्यावर फुलं टपटप पडत होती.

झाडं कोणाची, हा प्रश्न मित्रांनी विचारलाच. वायनरीवाल्यानं वेल लावलेली असते. तो ती वर्षात दोनदा छाटतो, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी. मोहाचं झाड कोणी लावत नाही, छाटत तर नाहीच. पण कुठलं झाड कुठल्या घरानं वेचायचं हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. कागदावर वनहक्क कायद्यानं 2006 साली गौण वनोपजावरचा, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या फुला-फळांसारख्या मालावरचा, हक्क मान्य केला. गावात तो त्याआधीही होताच.

उजाडलं आणि आमचं टेस्टिंग सुरू झालं. हे मी ठरवलेलं नव्हतं. आजींनीच पळसाची तीन पानं मांडली आणि तीन वेगवेगळ्या झाडांची फुलं त्यावर ठेवली. "हे बांधीवरचं, हे नाल्याकाठचं, अन् हे आमच्या सासऱ्याचं." आतले केसर काढून टाकायचे, मग फूल जिभेवर ठेवून टाळूला दाबायचं. बांधीवरच्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, झाडाचं फूल नुसतं गोड, पाणीदार. नाल्याकाठचं गोड, पण मागून किंचित कडवट. सासऱ्यांच्या झाडाचं फूल आकारानं लहान, आणि त्याला जो वास होता त्यावर आमच्या वाइनवाल्यांचं चांगलं पंधरा मिनिटं भांडण झालं. एक म्हणे लिची, दुसरा म्हणे पिकून गळलेलं केळ, तिसऱ्यानं ओलसर कोठाराचं नाव घेतलं. आजी म्हणाल्या, "मोहाचा वास मोहासारखाच राहते ना जी." तिथं वाद मिटला.

गंमत अशी की झाडागणिक चव बदलते हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लाडवांना कुठलं झाड, गुरांना कुठलं, हेही ठरलेलं. एकाच द्राक्षाच्या दोन प्लॉटांतला फरक ओळखतात म्हणून नाशिकला आपण ज्यांचं कौतुक करतो, त्यांच्या पंगतीत या बाया आरामात बसतील. एक सूचना: ताजी फुलं फार खाऊ नका. दहा-बारा पुरेत. रिकाम्या पोटी जास्त खाल्ली तर डोकं जड होतं, पोट बिघडतं. दोन झाडांच्या मध्ये फुटाणे चघळा, जीभ साफ होते.

सात-साडेसातपर्यंत टोपल्या भरल्या. पाहुण्यांनी वेचायला हात लावायला हरकत नाही, पण आपली फुलं आपल्या पिशवीत टाकू नका. ती त्या घराची कमाई आहे. तासाभरात कंबर काय म्हणते ते कळेल. मग अंगणात शेणानं सारवलेल्या जागेवर फुलं पसरतात. तीन-चार कडक उन्हांत ती आक्रसून तांबडी-तपकिरी, बेदाण्यासारखी होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. म्हणूनच ते आंबायला इतकं तयार असतं, आणि म्हणूनच दुष्काळात या मुलखातली माणसं मोहावर तगली.

दुपारी जेवणात भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि तलावातले झिंगे होते. नवेगावबांधचा तो प्रचंड तलाव कोहळी समाजातल्या कोलू पाटलानं बांधला असं सगळे सांगतात. संध्याकाळी बघून याच, पण दुपारी नको. चाळीस ओलांडलेल्या उन्हात बांधावर उभं राहण्यात अर्थ नाही. जेवणानंतर मोहाचे लाडू आले. वाळलेली फुलं निवडून, तव्यावर भाजून, तिळाबरोबर उखळात कुटलेली. गूळ एक कणभरही नाही. ज्या मित्रानं केळाचा वास काढला होता, त्यानं लाडू तीनदा मागून घेतला. मोहाच्या बियांचं तेलही दाखवलं. फळं पिकून बिया मिळायच्या त्या जूनच्या आसपास, म्हणजे ते गेल्या वर्षीचं होतं. पूर्वी त्यावर स्वयंपाक व्हायचा, आता दिव्याला आणि दुखऱ्या सांध्यांना लावतात.

आता दारूचं. प्रत्येक पाहुणा विचारतो, तुम्हीही विचाराल. प्रक्रिया कोणीही समजावून सांगेल: वाळलेली फुलं पाण्यात भिजवून काही दिवस आंबवायची आणि मग मडक्यातून वाफ काढून ती थंड करायची. म्हणजे ही वाइन नव्हे. वाइन नुसती आंबवलेली असते, मोहाची ऊर्ध्वपातन केलेली. पण परवान्याशिवाय घरी दारू गाळणं राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. पाहुणा घोट घेऊन परत जातो, धाड पडली तर बाईच्या घरावर पडते. गाळताना कुठे काय उतरलं, किती जाळ लागला, हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे अनोळखी ठिकाणची पिणं तब्येतीलाही धोक्याचं. "पाहुण्यांसाठी खास पहिल्या धारेची" असं आमिष दाखवणारा एक रिसॉर्टवाला आम्हाला वाटेत भेटला. त्याला नमस्कार करून पुढं निघालो. तुम्हीही निघा. पिऊनच बघायची असेल तर शेजारच्या मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारसा दारूचा दर्जा देऊन परवानाधारक बाटली बाजारात आणली आहे. ती तिकडंच, तिकडच्या नियमानं प्या. आपल्या राज्यातही असं काही व्हावं, वेचणाऱ्या बायांच्या गटांच्या हाती व्हावं, असं मला मनापासून वाटतं. द्राक्षाच्या वाइनसाठी 2001 मध्येच धोरण आलं, नाशिकची टेस्टिंग रूम त्याच वाटेनं उभी राहिली. मोहाच्या वाट्याला मात्र कायम पोलीसच आले.

पैशाचं आधी बोलून घ्या. वायनरीत तिकीट काढताना आपण कुरकुर करत नाही. इथं मात्र "गावातली माणसं आहेत, काय द्यायचं" असा संकोच होतो आणि लोक साबणाच्या वड्या नि बिस्किटं वाटून मोकळे होतात. तसं करू नका. सोबत आलेल्या माणसाच्या पूर्ण दिवसाच्या मजुरीहून कमी देऊ नये. जेवणाचे, राहण्याचे वेगळे. पैसे शक्यतो बचत गटाच्या हाती द्या, म्हणजे एकाच घराची मिरास होत नाही. राहायची सोय साधी असते: अंगणात खाट, मच्छरदाणी, हातपंपाचं पाणी. ज्यांना चालत नाही त्यांनी साकोलीत किंवा नवेगावबांधला मुक्काम करावा, पण मग पहाटे तीनला निघावं लागतं.

परतताना वाळलेली फुलं विकत घ्या. 2021 मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं यावरचे निर्बंध सैल केले, त्यामुळे घरच्यापुरती पिशवी नेताना धास्ती बाळगायचं कारण नाही. घेताना मूठभर फुलं हातात दाबून बघा. चिकटून गोळा झाला तर माल ओला आहे, सुटी राहिली तर चांगला. वाळू, केसर निवडून घ्या, घरी आणखी एक ऊन द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. फूल हवेतली ओल पटकन ओढतं. मृगाचा पाऊस पडायच्या आत लाडू करून संपवावीत, नाहीतर डबा उघडला की आंबूस वास येतो आणि शेजाऱ्यांना भलताच संशय येतो.