लो डी: तळाचा डी सुटला, पण पहिल्या व्हिसलचा बेत बदलतोय

लो डी म्हणजे लो व्हिसल, आयरिश संगीतातली सहा छिद्रांची लांब, उभी बासरी. मागच्या नोंदीत अडलेला तिचा तळाचा डी, म्हणजे सर्वांत खालचा सूर, अखेर लागला. सहाही छिद्रं झाकून, आठ मोजेपर्यंत, वरच्या सप्तकात न उडता. संशय सगळा सहाव्या छिद्रावर होता, गळत होतं चौथं. (मोजणी नेहमीसारखीच, मुखाकडून.)

तपास असा केला. सहाही छिद्रांवर इन्सुलेशन टेपचे तुकडे चिकटवून कडा अंगठ्याने घट्ट दाबल्या. पेपर टेप वापरू नका, तिला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतूनच हवा जाते. मग कोमट, संथ फुंक. डी स्वच्छ आला, म्हणजे व्हिसल निर्दोष. इथेच सूर फसला असता तर विंडवेत (मुखातल्या ज्या अरुंद फटीतून फुंक जाते तिच्यात) साचलेलं पाणी किंवा स्लाइडचा (सूर जुळवायला सरकणाऱ्या जोडाचा) सैल सांधा बघायचा. पुढे वरून खाली एकेक टेप काढून तिथे बोट ठेवायचं आणि दर वेळी फुंकायचं. पाचव्यापर्यंत सगळं सुरळीत. सहावी टेप निघाली आणि सूर घोगरा होऊन उडाला.

बहुतेक जण इथे थांबून अनामिकेला दोष देतात. पण सहावं बोटाखालीच ठेवून चौथ्यावर पुन्हा टेप लावली, तर डी परत आला! अनामिका सहाव्याकडे ताणली की पंजा फिरतो आणि तर्जनी चौथ्याच्या एका कडेवरून केसभर उचलली जाते. लो डीला एवढी फट पुरते. आडव्या बासरीत ओठ थोडंफार सांभाळून घेतात; इथे विंडवे ठरलेला, हातात फक्त फुंकेचा जोर. आणि सूर घोगरा झाला की आपण नेमका तोच वाढवतो, म्हणून तो उडतो.

उपाय पायपर्स ग्रिपचाच (बोटांच्या टोकांऐवजी पेरांनी छिद्रं झाकायची पकड), पण नीट: चौथ्या-पाचव्यावर मधली पेरं, सहाव्यावर अनामिकेच्या टोकाच्या पेराचा मांसल भाग, बोटं सपाट, मनगट सरळ, कोपर अंगापासून सुटं. अंगठा मागून, चौथ्या-पाचव्याच्या मधोमध. तपासायला बोटं पाच सेकंद दाबून उचला आणि कातडीवरचे वळ बघा. पूर्ण गोल हवा. चंद्रकोर दिसली तर ज्या बाजूचा वळ नाही, तिथेच फट. एरवी वाजवताना मात्र इतकं दाबू नका, पेरं आखडतात.

विंडवे तुंबण्याबद्दल थोडक्यात: मुखाचा भाग आधी काखेत किंवा तळहातात गरम करायचा, तुंबलाच तर खिडकीवर (विंडवेच्या पुढच्या उघड्या चौकोनावर) बोट आडवं धरून जोरात फुंकायचं. ब्लेडला, म्हणजे फुंक जिच्यावर आदळते त्या खिडकीच्या धारदार कडेला, काहीही घासायचं नाही. कापडसुद्धा नाही.

आता खरेदी. थेट लो डी घ्यायचा हे ठरलेलं होतं, पण वळांचा प्रकार बघून वाटतंय, पैसे देण्याआधी पंजाच मोजावा. डीमधला साधा टिन व्हिसल (याच वाद्याचा छोटा, उंच सुराचा भाऊ) घ्या, छिद्रांमधली अंतरं मोजा आणि दुप्पट करा. लो डी बरोबर एक सप्तक खाली, म्हणून हा अंदाज कामचलाऊ ठरतो. लो एफ आणि लो जी हे लो डीहून आखूड प्रकार; लो एफसाठी १.७ने, लो जीसाठी १.५ने गुणा. साधारण २५ मिमी बाह्य व्यासाच्या पीव्हीसी नळीवर छिद्रांची वर्तुळं आखून दहा मिनिटं धरून बसा. खालचा हात दुखला तर लो जी. पकड तीच, बोटं तीच, ताण पाऊण.

दुपटीचा हिशेब अगदी तंतोतंत नसतो. छिद्र लहान केलं की तेच सुरात ठेवून मुखाकडे सरकवता येतं, आणि कारागीर सहाव्याशी हा खेळ हमखास खेळतात. पाचवं बहुधा सर्वांत मोठं, म्हणून तिथे बारीक बोटांची पंचाईत. कारागीर बर्नार्ड ओव्हरटन यांनी १९७१मध्ये आयरिश वादक फिनबार फ्युरींसाठी ॲल्युमिनियमचा लो व्हिसल केला, तिथून हे आधुनिक वाद्य सुरू होतं. वय इतकं कमी की प्रमाण माप असं ठरलेलंच नाही. ज्याचा व्हिसल घ्यायचा त्याच्याकडूनच छिद्रांची अंतरं मागवा. न देणाऱ्याकडून पहिला व्हिसल घेऊ नये, हे माझं ठाम मत.

कारागिरांपैकी टोनी डिक्सनचा पॉलिमरचा (प्लास्टिकचा) हलका, अंगठ्यावर भार कमी, म्हणून नवशिक्याला बरा. एमके या कारखान्याचा केल्पी ॲल्युमिनियमचा, पण त्याला ट्यूनिंग स्लाइड नाही. एकट्याने वाजवायला अडचण नाही. इतरांबरोबर बसायचं तर स्लाइड हवीच, कारण नळीतली हवा एक अंशाने तापली की सूर सुमारे ३ सेंट चढतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). बॅक प्रेशर (फुंकेला होणारा विरोध) जास्त असलेला निवडा असं सर्रास सांगतात. ते फुंक जपायला ठीक, पण अशा अरुंद विंडवेत थेंब लवकर अडकतो.

पुढच्या नोंदीत सी नॅचरल (सी शार्पच्या अर्धा सूर खालचा सी) येणार होता: दुसरं-तिसरं झाकून, की सोबत पाचवंही. तो मागे ठेवतो. आधी लो जी आणि लो डी या दोन्ही नळ्या आखून वळांची तुलना.