उन्हाळ्यात पाणी कुठून आणता?

"काकू, झाडांना पाणी कुठून आणता?" एप्रिल लागला की फाटकापाशी थांबून कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारच. आमच्या जुळे सोलापूर उपनगरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं, पारा ४२-४३ वर गेलेला असतो आणि अंगणात बहावा पिवळाधमक फुललेला असतो. उभ्याउभ्या याचं उत्तर पुरं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते. मे महिन्याचं पाणी मी सप्टेंबरातच मातीत भरून ठेवते.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. तिथल्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पेरतात ती पावसाळा सरता सरता, उत्तरा-हस्ताच्या सुमाराला. पुढे पाऊस जवळजवळ नसतोच. सगळा हिवाळा पीक उभं राहतं ते जमिनीतल्या ओलीवर. आजोबा पेरणीआधी रानात चौकोनी बंदिस्त वाफे पाडायचे, पडलेला थेंब बांधाबाहेर जाऊ नये म्हणून. भेगा पडायला लागल्या की कोळपं धरायचे, म्हणजे वरची माती हलकी उकरून भेगा बुजवायचे, आतली ओल उडू नये म्हणून. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" हे त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेन!

एवढं ऐकूनही घर बांधल्यावर मी पहिलं काय केलं, तर लॉन लावलं. दुसऱ्याच उन्हाळ्यात त्या गवतासाठी टँकर मागवला. गल्लीत बायका घागरी मोजून भरत होत्या आणि मी गवतावर पाइप धरून उभी होते. त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली. पाऊस पडताच लॉन काढून टाकलं.

सोलापुरात पाऊस बेताचाच पडतो, आणि त्यातला सप्टेंबरचा सगळ्यात भरवशाचा. आमची गच्ची ८०० चौरस फुटांची. २० मिलिमीटरची एक सर आली तरी गच्चीवर सुमारे १,४८० लिटर पाणी पडतं. थोडं उडालं, सांडलं तरी हजार-बाराशे लिटर कुठे गेलं नाही. हे सगळं पूर्वी पन्हाळीतून थेट रस्त्यावरच्या गटारात जायचं. आपल्या गावाचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी इथे तळं खोदून घेतलं म्हणून आपण त्यांचं नाव घेतो, आणि घरचं पाणी मात्र गटारात सोडतो. मला हे सहन होत नाही.

मग हे पाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डा घेतला आणि तिथे चुकले. चार फूट खणलं, दगड-विटा भरल्या, वर वाळू टाकली. पहिल्या मोठ्या पावसात खड्डा तुडुंब भरला आणि पाच दिवस तसाच भरलेला. डास झाले. शेवटी विहिरीची कामं करणारे एक म्हातारे गृहस्थ येऊन बघून गेले. खड्ड्याच्या कडेची माती बोटांत चुरगळत म्हणाले, "अक्का, काळीत पाणी जिरत नसतंय. मुरूम लागंपर्यंत खाली जावा." काळी माती भिजली की फुगते, तिची छिद्रं बुजतात आणि वरचं पाणी वरच राहतं. आमच्याकडे मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा भरड थर, सात फुटांवर लागला. त्यानंतर खड्डा एका रात्रीत रिकामा व्हायला लागला. तुम्ही खड्डा घेणार असाल तर घराच्या पायापासून निदान दहा फूट लांब घ्या. हीच माती फुगून-आकसून भिंतींना तडे पाडते.

आता गच्चीचं पाणी आधी टाकीत जातं. टाकी भरली की झाडांच्या वाफ्यांत आणि तिथून जास्त झालेलं खड्ड्यात. मोसमातल्या पहिल्या एक-दोन सरी तेवढ्या सोडून देते. गच्चीवरची धूळ, कबुतरांची घाण त्यात येते.

झाडं मात्र मे महिन्याची सवय असलेलीच हवीत. बहावा, आपटा, कडुनिंब, निरगुडी, अडुळसा आणि तरवड. तरवडाला कुणी बागेत जागा देत नाही. माळावरचं झुडूप म्हणतात. पण एकदा जवळ जाऊन बघा. हळदीसारखी पिवळी पाच पाकळ्यांची फुलं, मधून लांब वाकलेले पुंकेसर, आणि कान दिला तर काळ्या भुंग्याचा घुमणारा आवाज. सुरुवातीची दोन वर्षं जपलं की पुढे पाणी मागत नाही. सीताफळही आहे. ते मूळचं अमेरिकेकडचं, पण आमच्या मुरमाड जमिनीत इतकं रुळलंय की मी त्याला परकं म्हणत नाही. बहाव्याची पानं फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या खातात. शेजारच्या वहिनी औषध मारायला सांगतात. मी मारत नाही, कारण पंधरवड्याने त्याच अळ्यांची फिकट पिवळी फुलपाखरं अंगणभर होतात.

आणि खरं सांगायचं तर, उन्हाळ्यात आमची बाग हिरवीगार नसतेच. बहाव्याची बहुतेक पानं गळतात, वाफे पिवळे पडतात. तो पाचोळा मी झाडून टाकत नाही. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर सोडून चार बोटं जाड पसरते. त्याआधी खुरप्याने भेगा मोडून घेते, आजोबांच्या कोळपणीसारख्या. पाचोळा बाजूला करून माती उकरली की एप्रिलमध्येसुद्धा खाली गार लागते. नव्या रोपांना आठवड्यातून एकदा भांडी विसळलेलं पाणी देते. बाकीच्यांना काही नाही.

तरवडाच्या शेंगा वाळून कडक झाल्या आहेत, हलवल्या की खुळखुळतात. बी हवं असेल तर फाटकापाशी हाक मारा. कवच कठीण असतं, म्हणून पेरण्याआधी गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा. मृगाच्या पहिल्या पावसावर पेरलंत तर गणपतीपर्यंत वीतभर रोप होईल.