आजीच्या कळशीवरचं टिंब

बाबा नाशिकजवळ ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात होते. रशियन ड्रॉइंग वाचण्यासाठी ते ती लिपी शिकले आणि पंचवटीतल्या घराच्या ओट्यावर पाटी घेऊन त्यांनी ती मलाही शिकवली. ३३ अक्षरं. परवा क्रांतीआधीच्या एका रशियन दुकानाच्या पाटीचा फोटो बघताना मी अडखळलो. शब्द पावाचा होता, 'ख्लेब'. पण मधलं अक्षर बाबांच्या ३३ मधलं नव्हतंच. उभा दांडा, त्यावर आडवी रेघ, खाली उजवीकडे पोट.

हे 'यात्'. जुन्या स्लाव्ह भाषेत याचा स्वतंत्र स्वर होता. रशियनमध्ये तो हळूहळू 'ये'त मिसळला. कानाला फरक उरला नाही, कागदावर राहिला. कुठल्या शब्दात 'ये' आणि कुठल्यात 'यात्', हे पोरांना घोकून पाठ करावं लागे. १९१८मध्ये नव्या सरकारने ते काढून टाकलं. बल्गेरियात ते १९४५पर्यंत टिकलं.

पोरांची सुटका झाली, हे मला मान्य आहे. पण 'येस्त्य' म्हणजे 'आहे' आणि 'येस्त्य' म्हणजे 'खाणं', हे दोन शब्द याच अक्षरामुळे नजरेला वेगळे दिसत. आता सारखेच.

आपल्याकडे हेच झालं. 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही 'नाव' झाले. नियम सोयीचा आहे, मीही तसंच लिहितो. तरी त्या टिंबाला भाषेची आठवण होती, असं मला मनापासून वाटतं.

आजीच्या तांब्याच्या कळशीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय : 'मुलीचे लग्नांत, शके १८७२'. 'लग्नांत'वरचं टिंब बाकी ठिपक्यांहून खोल आहे, बोटाला लागतं. माझ्या लेकीने ते वाचून विचारलं, "बाबा, आत्याआजीची किती लग्नं झाली?" जुन्या लेखनात एकाच लग्नाचंही 'लग्नांत' होई; तिच्या व्याकरणात ते टिंब फक्त अनेकवचनाचं.

कळशीला पोचे आलेत. काल तांबट आळीत देऊन आलो. कारागिराला दोनदा सांगितलं, दादा, त्या ओळीवर ठोका नको.