कोरड्यात अडकतो, ओल्यात सुटतो: उजव्या पायाचं कोडं उलगडलं

उजवा पाय सुटला! तीन आठवड्यांनी, एकदाचा, हव्या त्या क्षणी सायकलच्या पेडलातून सुटला. माझी पेडलं क्लिपलेस आहेत, म्हणजे बुटाच्या तळाची धातूची छोटी पट्टी (क्लीट) पेडलात अडकते, म्हणजेच क्लिप होते, आणि टाच बाहेर वळवली की सुटते. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की शिमानोची एसपीडी पेडलं काढून चारही बाजूंनी क्लिप होणारी क्रँकब्रदर्सची एगबीटर घेणार. तो बेत तूर्त मागे ठेवलाय, कारण दोष पेडलात नव्हताच.

लक्षण तुम्हाला आठवत असेल. दगडांच्या पायरीपाशी वेग संपला की डावा पाय झटकन बाहेर यायचा, उजवा मात्र टाच बाहेर वळवूनही जागच्या जागी. तेही दर वेळी नाही, दहातून तीन-चार वेळा. हा लहरीपणाच जास्त छळत होता. उजव्या कोपरावर दोनदा आपटलो, त्यात दुसऱ्यांदा खरचटलं चांगलंच.

पहिला संशय टेन्शनवर, म्हणजे क्लीट धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या ताणावर. पेडल दुतर्फी आहे, म्हणजे जोडीला चार स्क्रू आणि प्रत्येक बाजूची स्प्रिंग स्वतंत्र. एकच बाजू घट्ट राहून गेली असेल तर ‘कधी सुटतो, कधी नाही’ याचा उलगडा होतो. 3 मिमी अ‍ॅलन कीने चारही स्क्रू सर्वांत सैल टोकाला नेले, तिथून क्लिक मोजत सारखे केले आणि उजव्या पेडलाच्या एका बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. पुढच्या दोन राइडमध्ये ठिपक्याची बाजूही अडकली आणि बिनठिपक्याचीही.

मग क्लीट बदलून पाहिली. एसएच51 काढून एसएच56 लावली. 51 पाय बाजूला वळवला तरच सुटते, 56 वरच्या दिशेने हिसका दिला तरी सुटते. अडकणं कमी झालं, पण खडबडीत उतारावर मागचं चाक उसळलं की पाय आपोआप बाहेर. चढावर अडकलेल्या पायापेक्षा उतारावर भलत्या वेळी सुटलेला पाय जास्त घातक, हे माझं आता पक्कं मत आहे. नव्याने क्लिपलेस शिकताना 56 जरूर लावा, सवय झाली की 51 वर या. मीही 51 परत लावली.

धागा हाती लागला तो पावसात. भिजलेल्या ट्रेलवर दीड तास, बुटांना चिखल, आणि उजवा पाय एकदाही अडकला नाही! चिखलाने पेडल गच्च व्हायला हवं होतं, झालं उलटंच. दोन दिवसांनी ट्रेल सुकली आणि पाय पुन्हा अडकला. म्हणजे पाणी कुठेतरी वंगणाचं काम करत होतं. स्प्रिंगमध्ये नसणार, तिला तेल दिलेलंच होतं.

घरी येऊन बूट हातात घेतले आणि दाबून क्लिप करून पाहिले. पेडलं डावी-उजवी बदलता येत नाहीत, डाव्याचे आटे उलटे असतात. पण बूट तर कुठल्याही पेडलावर लावता येतो. उजवा बूट डाव्या पेडलावरही तितकाच जड फिरला. एसपीडी क्लीटला डावं-उजवं नसतं, म्हणून क्लीटही आपसांत बदलल्या. तरी उजवाच जड. पेडल आणि क्लीट दोन्ही निर्दोष ठरली, राहिला बूट.

सोल उलटा करून उजेडात धरला. क्लीटच्या दोन्ही बाजूंच्या रबरी दातांवर चकचकीत घासलेले पट्टे होते. पेडलाच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे क्लिपभोवतीच्या सपाट धातूच्या चौकटीवर, रबर दाबून बसत होतं आणि कोरडं असलं की धातूला धरून ठेवत होतं. खात्रीसाठी क्लिप करून सोल आणि प्लॅटफॉर्मच्या मधे कागदाची पट्टी सरकवली. डावीकडे सहज गेली, उजवीकडे फाटली.

डावीकडेच का बरं नाही? कारण मी थांबताना नेहमी डावा पाय टेकतो. त्या बुटाचे दात दगडांवर झिजून आपोआप मापात आलेत, उजव्याचे अजून नव्यासारखे उंच आहेत. हे लक्षात आलं तेव्हा जमिनीवर बसूनच मी मोठ्याने ‘हां!’ म्हणालो.

आधी क्लीटखाली 1 मिमीची शिम (पातळ चकती) टाकली. पाय लगेच मोकळा झाला, पण प्लॅटफॉर्मचा आधार पार गेला. ट्रेल पेडल घेतलंय ते त्या आधारासाठीच, म्हणून शिम काढली. मग धारदार पात्याने दात पातळ कापांनी तासत गेलो आणि प्रत्येक कापानंतर कागद लावून पाहिला. कागद किंचित ओढ देत पण न फाटता सरकला तिथे थांबलो. तासलेलं रबर परत येत नाही, घाई करू नका.

जाता जाता, या खटाटोपात क्लीटचे बोल्ट पाच-सहा वेळा काढले. स्वस्त, गोल झालेली 4 मिमी की अजिबात वापरू नका. बोल्टचं डोकं एकदा खराब झालं की बूट वाया जाऊ शकतो. आट्यांना ग्रीस लावून 5 ते 6 न्यूटन-मीटरला आवळा आणि पहिल्या राइडनंतर पुन्हा तपासा.

आता एगबीटरचं. लिहिता लिहिता डोक्यात आलं की त्याच कंपनीच्या कॅन्डी आणि मॅलेट या पेडलांच्या काही मॉडेलना बदलता येणारे ट्रॅक्शन पॅड (सोल टेकतो त्या जागच्या पट्ट्या) मिळतात, 1 आणि 2 मिमीचे. मी पात्याने जे अंतर जुळवलं तेच तिथे पॅड बदलून जुळतं. टेन्शनचा स्क्रू नाही, पण क्लीट डावी-उजवी बदलून सुटण्याचा कोन 15 किंवा 20 अंश ठेवता येतो. पितळी क्लीट लवकर झिजते, हे मात्र खटकतं. दुसऱ्या सायकलसाठी एगबीटरऐवजी मॅलेटचा विचार करतोय. कोणी पॅड बदलून वापरलं असेल तर सोलशी अंतर किती ठेवलं ते कळवा.

रविवारी तोच चढ आहे, जिथे दोनदा पडलो. ट्रेल पूर्ण कोरडी आहे, आणि मला ती तशीच हवीय.