आमची वाटचाल: कॅमेऱ्यातली चिठ्ठी

कोल्हापुरात आमचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान दुसऱ्या पिढीत आहे. गिऱ्हाईक मुख्यतः स्टुडिओवाले. लग्नसराई तोंडावर आली की त्यांच्या याशिका मॅट, म्हणजे दोन लेन्सचे जपानी फिल्म कॅमेरे, सर्व्हिसिंगला यायच्या. तेव्हापासूनचा एक नियम आम्ही मोडलेला नाही: आत चिठ्ठी ठेवल्याशिवाय खोललेला कॅमेरा बंद करायचा नाही. हा कॅमेरा पुन्हा कोणीतरी खोलणार आहे, आणि तेव्हा आपण शेजारी नसणार.

चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लागलं की बॉलपेनची शाई पसरते, शिसं पसरत नाही. तारीख, लेन्सचा नंबर, कुठलं वंगण कुठे घातलं, कुठला सुटा भाग दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढून बसवला, हे सगळं हवंच. पण त्याहून मोलाचं म्हणजे काय मुद्दाम सोडून दिलं. ‘५०० वर ३८० मिळतात, स्प्रिंग थकली आहे, ताणू नये’ (म्हणजे शटर १/५०० सेकंदावर लावलं तरी १/३८० चा वेग मिळतो) एवढी ओळ वाचली की पुढच्या कारागिराचा अर्धा दिवस वाचतो आणि स्प्रिंगही वाचते.

याशिका मॅट १२४जी घ्या. उजेड मोजणारं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर जुळवलेलं; तो पीएक्स६२५ सेल आता बनत नाही. १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड घातला की काटा जास्त उजेड दाखवतो आणि निगेटिव्ह पातळ येते. म्हणून वायरीत शॉटकी डायोड, म्हणजे व्होल्टेज थोडं उतरवणारा छोटा भाग, घालतो. तो साधारण ०.२ व्होल्ट खातो. हे लिहिलं नाही तर पुढचा माणूस साधारण १.४ व्होल्टचा झिंक-एअर सेल घालतो, काटा कमी दाखवायला लागतो आणि तो नसलेला दोष काढण्यासाठी चांगलं मीटर पिळत बसतो. आमच्या चिठ्ठीवर ठळक असतं: ‘डायोड आहे. फक्त सिल्व्हर ऑक्साइड.’ पेंटॅक्स स्पॉटमॅटिक या दुसऱ्या फिल्म कॅमेऱ्यात उलट. त्याचं मीटर ब्रिज सर्किटवर चालतं, व्होल्टेजच्या एवढ्या फरकाने बिघडत नाही. तिथे ‘डायोड लावू नये’ असं लिहितो.

२००५ मध्ये याशिकाची मालक कंपनी क्योसेराने याशिकासकट कॅमेऱ्यांचा धंदा गुंडाळायला घेतला, २००६ च्या जानेवारीत निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करत असल्याचं जाहीर केलं. स्टुडिओंनी याशिका माळ्यावर टाकल्या. आम्हाला पुढचा गाळा सोडून मागच्या खोलीत यावं लागलं. त्याच वेळी पलीकडच्या गल्लीत एकाने ‘एका तासात सर्व्हिस, निम्मे दर’ अशी पाटी लावली. त्याची रीत आम्हाला पुढे त्याने खोललेल्या कॅमेऱ्यांत दिसली. समोरचं पॅनेल काढायचं, शटरच्या पात्यांवर तेल सोडायचं, बंद करायचं. पंधरा दिवस शटर झकास चालतं. मग तेलावर धूळ बसते, पाती एकमेकांना चिकटतात. पाती कोरडीच हवीत. तेल लागतं ते मंद वेगाच्या गिअरच्या टोकांना, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच.

हे आम्ही सोसलं असतं. पण तो आमच्या चिठ्ठ्या काढून फेकायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा की आम्ही त्यांची लेन्स काढून दुसरीच बसवतो. ते आजही बोचतं.

निपाणीचे स्टुडिओवाले अण्णा मात्र कॅमेरा घेऊन थेट आमच्याकडे आले. पॅनेलमागची चिठ्ठी गायब होती. आम्ही त्यांच्यासमोर बाजूचं चामडं उचललं. तिथे दुसरी चिठ्ठी होती, आम्ही नेहमी दोन ठेवतो. अण्णांनी भिंग लावून लेन्सच्या कड्यावरचा नंबर वाचला, चिठ्ठीशी एकेक आकडा ताडून पाहिला. त्यानंतर निपाणी-चिकोडी भागातल्या स्टुडिओंचं उरलंसुरलं काम त्यांनी आमच्याकडे वळवलं, त्यावर दुकान तगलं. आता त्याच माळ्यांवरून नातवंडं कॅमेरे खाली काढतात आणि चामड्याखालची चिठ्ठी वाचून आम्हाला शोधत येतात.

काम शिकणाऱ्या पोरांना दोन गोष्टी सांगतो. लेन्सच्या कड्यांचा पाना बाजारातला घेऊ नका. त्याची टोकं खाचेतून निसटतात आणि काचेवर ओरखडा जातो. आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यातून पोलादाचा करून घेतला, टोकं घासून खाचेच्या मापाची केली. दुसरं, हेलिकॉइड, म्हणजे फोकससाठी लेन्स पुढे-मागे करणारी आट्यांची जोडी, ज्या जागी सुटतं तिथे दोन्ही कड्यांवर खूण करा आणि ती जागा चिठ्ठीत काढून दाखवा. आट्यांना अनेक तोंडं असतात. चुकीच्या तोंडात बसवलं तर लेन्स लोण्यासारखी फिरते, पण इन्फिनिटी, म्हणजे खूप लांबचा फोकस, सापडत नाही.

एसएलआर, म्हणजे आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या, खालच्या प्लेटमागे मात्र कागद ठेवू नका. तिथे लिव्हर आणि गिअर फिरतात. कागद सरकला की फिल्म ओढणं अडतं. चामड्याखालीच ठेवा आणि ती कड दुहेरी टेपने बसवा, म्हणजे पुढच्याला चामडं न फाडता उचलता येईल.